जिंबोचोत उलटून पाहिलेली चित्रं

टोकियोला दुसऱ्यांदा जाताना एकच ठरवलं होतं: या वेळी विसाव्या शतकातला जपानी चित्रकार कावासे हासुई याचं, लाकडी ठशांवरून हाताने छापलेलं छापचित्र घ्यायचं, आणि मागची बाजू पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. पहिल्या खेपेला एका बाजारातून ‘जुनं’ म्हणून घेतलेल्या चित्राचे समास कापलेले निघाले आणि कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मागचं काही दिसायची सोयच नव्हती.

जिंबोचो म्हणजे टोकियोतला जुन्या पुस्तकांचा आणि छापचित्रांचा बाजार. जिंबोचो स्टेशनवर हानझोमोन, मिता आणि शिंजुकू या तिन्ही मेट्रो लाइन येतात. शनिवारी जा, रविवारी बरीच दुकानं बंद असतात. जुन्या पुस्तकांची दुकानं मुख्य रस्त्याच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड करून आहेत. पुस्तकांना ऊन लागू नये म्हणून.

‘उरा ओ मिते मो इई देस का?’ म्हणजे ‘मागची बाजू पाहू का?’ एवढं पाठ करून जा. मी विचारल्यावर दुकानदार आजोबांनी चित्र दोन्ही हातांनी उचललं, खिडकीशी नेलं आणि तिरपं धरलं. मागे निळा रंग कागदात झिरपलेला दिसत होता, आणि त्यात बारेनचे गोलगोल घासे. बारेन म्हणजे कागद ठशावर घासायची, बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेली चकती. माणसाचा हात तिथे फिरला होता, हे इतकं स्पष्ट दिसल्यावर मी किती तरी वेळ गप्पच होते. भिंगातून रंगाचे बारीक ठिपके दिसले, तर ती यंत्रावरची छपाई समजा.

मग प्रकाशकाचा शिक्का पाहा. हासुईची बहुतेक छापचित्रं वातानाबे या प्रकाशकाची. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचे लाकडी ठसे आणि साठा जळाला, म्हणून त्याआधीच्या छापा दुर्मीळ आणि महाग. सुमारे ६ मिलिमीटरचा गोल शिक्का असेल, तर छाप साधारण युद्धानंतरची, पण हासुई हयात असतानाची. माझ्यासारखीला तीच परवडते, आणि ती मुळीच दुय्यम नाही.

त्याच काळातला दुसरा छापचित्रकार हिरोशी योशिदा याचं चित्र घेणार असाल तर डाव्या समासात ‘जिझुरी’चा शिक्का शोधा, छपाई त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली झाल्याची ती खूण. योशिदा १९३०-३१मध्ये भारतात फिरला होता, आणि त्याने अजिंठा-वेरूळही छापले. माझं माहेर औरंगाबादचं. वेरूळ नेहमी भर उन्हात पाहिलेलं. तेच त्याच्या मऊ, थरांवर थर दिलेल्या रंगांत पाहायचंच होतं. आजोबांनी खण उघडला. किंमत ऐकून ते चित्र परत ठेवावं लागलं, पण पाहायला मिळालं.

नळीत गुंडाळून आणू नका. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून, हातातल्या बॅगेतून आणा. घरी आम्लरहित माउंटच लावायला सांगा, चित्राला टेप किंवा डिंक लावू देऊ नका, आणि ऊन येणारी भिंत टाळा. मुंबईतल्या पावसाळ्यात मी माझं हासुई भिंतीवरून उतरवून कोरड्या कपाटात आडवं ठेवते.