पोस्टकार्डवाल्या बाई

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'माझी शाळा' या विषयावर लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि त्याच रात्री मी लिहायला बसलो. मैदानावर, बँडपथकावर, वर्षातून एकदा उघडणाऱ्या त्या प्रयोगशाळेवर इतर मंडळी लिहितीलच. मी फक्त बाईंवर लिहिणार आहे. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

बाईंचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं आणि आपल्यापैकी कुणाला त्याची गरजही नाही. 'पोस्टकार्डवाल्या बाई' म्हटलं की त्या काळातली सगळी सोलापूरकर पोरं एकदम सरळ बसतील.

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की वर्ग उधळायच्या आधी एक तास बाईंचा असायचा, दिवाळीची पत्रं लिहायचा. परीक्षेआधीच आमच्याकडून पंधरा-पंधरा पैसे गोळा केलेले असायचे आणि बाई स्वतः पोस्टात जाऊन कोरी कार्डं घेऊन आलेल्या असायच्या. ज्याच्याकडे पैसे नसत त्याच्यापुढेही कार्ड यायचंच. ते कुणाच्या पैशांतलं, याची चर्चा होत नसे. वर्गात निम्म्या पोरांचे वडील गिरणीत, काहींच्या घरी माग. पंधरा पैसेही कुणाकुणाला जड होते, हे बाईंना ठाऊक होतं.

मग फळ्यावर तारीख पडायची. इंग्रजी तारखेच्या वर 'आश्विन, शके १९०३' असं आधी. त्याखाली मायने. वडिलांना 'तीर्थरूप', काका-मामांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यांना 'चि.' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद', बरोबरीच्याला 'स.न.वि.वि.' एकदा एकाने आजीच्या नावामागे 'गं. भा.' लिहिलं, विधवेच्या नावामागे लावायचे ते. घरात तसंच लिहीत असतील, त्याचा काय दोष! बाईंनी कार्ड हातात घेतलं, नवीन कोरं कार्ड दिलं आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या पत्रात आजीला तिचं दुःख आठवून द्यायचं नाही. नुसतं 'ती. आजीस' लिही." हे सगळं १९८१ च्या आसपासचं. आज कुणी यावर परिसंवाद घेईल. बाईंनी नवीन कार्डात भागवलं.

खरा दंडक पुढे होता. 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' हे वाक्य लिहायला बंदी! "ते किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर छापलेलं असतं, तुम्ही कशाला हात दुखवून घेता?" असं त्या विचारायच्या. ज्याला लिहायचं त्याच्या घरातलं काहीतरी पत्रात आलं पाहिजे. मामाची विहीर, आत्याचं नवं बाळ, काकाची मोडलेली सायकल. 'विहिरीला पाणी लागलं असेल, यंदा दिवाळीला पोहायला मिळो' ही त्यांच्या लेखी उत्तम शुभेच्छा. 'ही दिवाळी आपणांस सुखसमृद्धीची व भरभराटीची जावो' याला त्या चारपैकी एक गुण द्यायच्या, तोही अक्षराला. पिनकोड नसेल तर तो एकही जायचा.

आता तारबाबूचा किस्सा. आमच्या तुकडीला हा पाठ आहे, पण स्मरणिकेत कुठेतरी लिहून ठेवायला हवा.

आमच्या वर्गात एकाचे वडील तार ऑफिसात होते. त्या वेळी सणासुदीच्या तारांना ठरीव मजकूर असायचे आणि प्रत्येकाला नंबर. फॉर्मवर नुसता आकडा लिहायचा, पलीकडच्या ऑफिसात त्या आकड्याचं पूर्ण वाक्य होऊन तार घरी पोचायची. दिवाळीच्या शुभेच्छांचा नंबर होता १. या पठ्ठ्याने काय करावं? बाईंनी कार्ड दिल्यावर त्याने पत्त्याच्या जागी बाईंचाच पत्ता लिहिला, मजकुराच्या अख्ख्या कोऱ्या जागेत मधोमध एक ठसठशीत '१' काढला, खाली सही केली आणि सगळ्यांच्या आधी हात बांधून बसला.

बाईंनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. वर्ग श्वास रोखून. "हे काय रे?" तो उभा राहिला आणि घडाघडा सांगायला लागला. एक म्हणजे दिवाळी, दोन म्हणजे ईद मुबारक, तीन बिजोया म्हणजे बंगाल्यांचा दसरा, चार नवीन वर्ष, आठ म्हणजे लग्न... बाईंनी त्याला थांबवलं नाही, उलट फळ्याकडे बोलावलं आणि आठवेल तेवढी यादी लिहायला लावली. आम्हीही वहीत उतरवून घेतली. मग विचारलं, "तारेला आकडा कशासाठी?" तो म्हणाला, "शब्दाला पैसे पडतात, बाई." "आणि कार्डाला?" तो गप्प. "पंधरा पैशांत सरकारने तुला एवढी जागा दिली, आणि तू एक आकडा लिहून सगळी परत केलीस होय?" वर्ग असा फुटला की शेजारच्या तुकडीतले सर दारात येऊन उभे राहिले. तारबाबू हे नाव त्याला त्या दिवशी चिकटलं, ते आजतागायत. आता तो आजोबा झालाय, तरी सुटलेलं नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. नव्वदच्या दशकात त्याचं लग्न झालं. बाई तेव्हा निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेल्या होत्या, त्यांना येणं जमलं नाही. लग्नघरी एक पोस्टकार्ड आलं. पत्ता नेहमीच्या सुवाच्य अक्षरात, पिनकोडसकट. मागे मजकुराच्या जागी मधोमध एकच आकडा, '८'. खाली बाईंची सही. नवरीकडच्या मंडळींना वाटलं, मास्तरीणबाईंनी पोराला आठ गुण दिले. तारबाबूने ते कार्ड लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर लावलंय, स्वतःच्या फोटोच्याही आधी. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्या रात्री त्याने मला फोन केला होता. आम्ही बाईंबद्दलच बोललो.

बाईंचं लक्ष फक्त दिवाळीवर नव्हतं. संक्रांत म्हणजे आपल्या सोलापूरचा सिद्धेश्वराचा महिना. नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी, होम मैदानावरची गड्डा जत्रा, 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' हा गजर. त्या दिवसांत शाळेत कोण लक्ष देणार! तेव्हा बाई यात्रेची सुट्टी संपल्यावर तिळगुळाचा डबा काढायच्या आणि तो रथसप्तमीपर्यंत पुरवायच्या. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हटल्यावर तिथेच उभं राहून खरोखर एक गोड वाक्य बोलावं लागे, आणि तेही ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी. माझं आणि मागच्या बाकावरच्या एकाचं कबड्डीवरून वाजलं होतं. त्याने बराच वेळ विचार करून मला सांगितलं, "तुझं अक्षर बरंय बे." बाईंनी त्याला दोन वड्या दिल्या.

घरी कानडी बोलणारी पोरं वर्गात बरीच होती. त्यांना बाईंनी पुढे उभं केलं आणि 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि' आम्हा सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. शहराच्या पूर्वभागातली तेलुगू घरची पोरं पाडव्याच्या सुमारास उगादीचं पच्चडी आणायची. कडुनिंबाचा फुलोरा, कैरी, गूळ, चिंच. आमच्याकडे नुसता पाला आणि गूळ, त्यामुळे त्यांचंच आम्हाला जास्त आवडायचं. बाई ते वर्गात सगळ्यांना चमचा-चमचा द्यायच्या आणि तोंड वाकडं करणाऱ्याला दुसरा चमचा.

संक्रांत कायम १४ जानेवारीलाच असते, असं आम्ही परीक्षेतसुद्धा लिहायचो. बाई म्हणायच्या, लिहा, गुण मिळतील, पण खरं नाही. पूर्वी ती आधी यायची, पुढे १५ ला जाईल, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस सरकते. तुमच्या नातवंडांना सांगा. २०२४ मध्ये १५ जानेवारीला तिळगूळ वाटताना मी ते ऑफिसातल्या पोरांना सांगितलं. कुणी विशेष मनावर घेतलं नाही.

दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा झाली की सोनं लुटायचं. आपट्याच्या फांद्या ओरबाडून आणणाऱ्यांवर बाई जाम चिडायच्या. एकाला एकच पान, असा त्यांचा हिशेब. कौत्साच्या गोष्टीत कुबेराने चौदा कोटी सुवर्णमुद्रांहून जास्त पाडल्या, तरी कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्याच घेतल्या, मग तुम्हाला पोतंभर पानं कशाला? होळीला मात्र त्या स्वतःच सांगायच्या की या सणाला शुभेच्छा द्यायच्या नसतात, बोंब मारायची असते. जा, मारा, पण गल्लीच्या बाहेर.

आषाढात शेगावहून गजानन महाराजांची पालखी सोलापुरात आली की बाई वर्ग घेऊन दर्शनाला जायच्या. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने 'माऊली' म्हणत आमच्याच पायांना हात लावला, आम्ही दचकून मागे सरलो. बाईंनी पाठीत धपाटा घातला आणि म्हणाल्या, "मागे काय जाता, वाका!"

ज्याच्या घरी त्या वर्षी कुणी गेलं असेल, तिथे दिवाळी नसते. गिरणीतल्या एका कामगाराचा मुलगा आमच्यातच होता, उन्हाळ्यात त्याचे वडील गेले. कार्डांच्या तासाला त्याला कुणी काय लिहावं, हे कळेना. कुणीतरी म्हणालं, त्याला नकोच. बाई म्हणाल्या, "शुभेच्छा नको. पत्र मात्र गेलंच पाहिजे." काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी लिहिलं, सुट्टीत विजापूर वेशीच्या मैदानावर ये, बॅट आहे. कुणी गणिताचा सुटलेला पेपर उतरवून पाठवला. त्याच्या घरी तेवढी कार्डं आली, आणि पाडव्याला बाई स्वतः गेल्या.

भाऊबीजेला आपल्याकडे बायका ओवाळताना म्हणतात ना, 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो', तेवढी एक शुभेच्छा बाईंना मनापासून मान्य होती. त्या म्हणायच्या, यात कुणा एकाच्या घरचं मागितलेलं नाही.

आता थोडं स्वतःविषयी, समितीने तसं कळवलंय म्हणून. मी बँकेत लागलो, पदोन्नती होत होत आज सहायक महाव्यवस्थापक आहे, निवृत्ती जवळ आलीय. नोकरीने देशभर फिरवलं. अहमदाबादला असताना कळलं की आपला बलिप्रतिपदेचा दिवस म्हणजे त्यांचं नवं वर्ष. सकाळी सातपासून शेजारी 'साल मुबारक' म्हणत दारात, आणि मग बाजार लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीपर्यंत थंड. कोलकात्याला पहिल्याच वर्षी शाखेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मी दशमीला संध्याकाळी 'शुभो बिजोया' म्हणालो, विसर्जन झाल्यावर, आधी नाही. ते चकितच झाले. मराठी माणसाला हे कसं माहीत? कसं म्हणजे काय, आठवीच्या वहीत तीन नंबरला होतं! पुढे कालीपूजेपर्यंत घरोघरी मिठाई खाल्ली. वयाने मोठ्यांच्या पाया पडायचं, बरोबरीच्यांनी गळाभेट घ्यायची, हे तिथेच शिकलो. कर्जवसुलीच्या कामात याचा काय उपयोग झाला, ते इथे लिहीत नाही, पण झाला.

आणि आता आपला तुकडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. पाडव्याच्या पहाटे गुढीची तीसेक चित्रं येऊन पडतात, त्यातलं एक दरवर्षी हमखास कुठल्यातरी बिल्डरचं किंवा मिठाईच्या दुकानाचं असतं, त्यांच्या फोन नंबरसकट. पाठवणाऱ्याने चित्र उघडून पाहिलेलं नसतं. गेल्या वर्षी एकाने सर्वपित्री अमावास्येलाही 'हार्दिक शुभेच्छा' पाठवल्या. कुणाला, पितरांना? वटपौर्णिमेच्या शुभेच्छा मला पुरुषाला येतात, नागपंचमीच्या येतात, एकादशीच्या तर महिन्यातून दोनदा. शाळेच्या फाटकाजवळ मागच्या दिवाळीत गेलो तर भिंत दिसेना, एवढे फ्लेक्स. वर लहान अक्षरात दिवाळी, खाली 'शुभेच्छुक' म्हणून हात जोडलेले डझनभर चेहरे, गॉगलसकट. ज्या भिंतीवर बाई सुविचार लिहायच्या ती हीच. बाईंनी पाहिलं असतं तर प्रत्येकाला अर्धा गुण दिला असता, आणि तोही पिनकोड नाही म्हणून कापला असता.

इंग्रजी माध्यमाची तुकडी निघाली, संगणक कक्ष झाला, चांगलंच आहे. पण सहामाहीनंतरचा तो तास आता होत नाही, असं चौकशी केल्यावर कळलं. अभ्यासक्रमात पत्रलेखन आहे, पण ते उत्तरपत्रिकेत, 'अ. ब. क.' यांना. त्या 'अ. ब. क.'ला ना विहीर, ना आजी.

तेव्हा समितीला आणि मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. येत्या सहामाहीनंतर तो तास पुन्हा सुरू करा. पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांना मिळतं. पाचवी ते दहावीच्या सगळ्या तुकड्यांना पुरतील एवढी कार्डं मी दरवर्षी विकत घेऊन शाळेत पोचवीन, तसं कार्यालयात सांगून ठेवलंय. तारबाबूने मायने शिकवायला यायचं कबूल केलं आहे. त्याला फक्त आकडे लिहू देऊ नका.