हॅनोव्हरची चूक आणि नेब्रास्कातले 160 एकर

नवऱ्याचे खापरपणजोबा 1869 साली जर्मनीहून अमेरिकेत आले, न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड बेटावरच्या कारकुनानं त्यांचं आडनाव छाटलं आणि पुढे नेब्रास्कात सरकारनं त्यांना फुकट जमीन दिली, ही गोष्ट मी लग्नानंतरच्या पहिल्याच थँक्सगिव्हिंगला सासूबाईंकडून ऐकली होती. यंदा आम्ही दोघं तो प्रवास जर्मनीपासून करून आलो. गोष्टीतलं साल खरं निघालं.

पहिली फजिती हॅनोव्हरला. 1870 च्या जनगणनेत जन्मस्थान 'हॅनोव्हर' आहे, म्हणून त्या शहरात दोन रात्रींचं हॉटेल घेतलं. हाती शून्य. हॅनोव्हर हे 1866 पर्यंत अख्खं राज्य होतं, मग ते प्रशियात गेलं. कागदावर 'मुंबई इलाखा' वाचून व्हीटीला उतरावं आणि वाडा शोधत फिरावं, तसं आमचं झालं. गावाचं नाव शेवटी सापडलं ते नेब्रास्कातच, एका खेड्यातल्या लुथरन चर्चच्या मृत्यूनोंदीत. मावससासूबाईंनी त्या पानाचा फोटो पाठवला. काखेत कळसा! तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी चर्चची वही, जुन्या वर्तमानपत्रातला मृत्युलेख आणि थडग्यावरचा दगड, एवढं बघूनच घ्या.

गाव निघालं जर्मनीच्या वायव्य टोकाच्या पूर्व फ्रिसलँडमधलं, आउरिशजवळचं. तिथं पूर्वी बापाचं नावच मुलाचं आडनाव व्हायचं. नेपोलियनच्या अमलात, 1811 मध्ये, कायम आडनाव घ्यायची सक्ती झाली, तरी खेड्यांतली सवय लवकर गेली नाही. म्हणून सख्ख्या घरातही दोन आडनावं दिसतात. मधल्या नावात वडील घेऊन वाढलेल्या मला हे लगेच उमगलं, नवऱ्याला कागदावर वंशवृक्ष काढून दाखवावा लागला.

याच भागातल्या लेअर गावात चहा प्या. कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर गरम चहा ओतला की तो तडतडतो, मग कडेनं साय सोडतात. ढवळायचं नाही. मी ढवळला, वाढणाऱ्या बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, नाहीतर त्या ओततच राहतात.

हा भाग ज्या राज्यात येतो त्या लोअर सॅक्सनीचं दिवसभराचं प्रादेशिक रेल्वे तिकीट ब्रेमेन आणि ब्रेमरहाफेनलाही चालतं, मात्र कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच. ब्रेमरहाफेन या बंदरातल्या स्थलांतर संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. पण जहाजाची यादी तिथं मिळेल या आशेवर जाऊ नका. ब्रेमेनच्या 1920 पूर्वीच्या याद्या जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्यात. पूर्वज हॅम्बुर्गहून निघाला असेल तर नशीब, तिथल्या 1850 ते 1934 च्या याद्या बऱ्याचशा शिल्लक आहेत. आम्हाला आमचे खापरपणजोबा न्यूयॉर्कला उतरलेल्यांच्या यादीत सापडले, आडनाव शाबूत.

आता एलिस आयलंड. स्थलांतरितांना उतरवून घेणारं ते केंद्र उघडलंच 1 जानेवारी 1892 ला. 1855 ते 1890 या काळात न्यूयॉर्कला येणारे मॅनहॅटनच्या टोकावरच्या कॅसल गार्डनमध्ये उतरत. त्याच गोल दगडी किल्ल्यात आज एलिस आयलंडला जाणाऱ्या फेरीबोटीची तिकिटं विकतात. म्हणजे खापरपणजोबा जिथं खरोखर उतरले, तिथंच उभं राहून आम्ही ते कधीच न गेलेल्या बेटाची तिकिटं घेत होतो! आणि नाव छाटण्याचं म्हणाल तर बेटावरचे कारकून जहाजाची यादी समोर ठेवूनच काम करत. नावं बदलली ती बहुतेक लोकांनी आपली आपण, नंतर.

नेब्रास्कात बिॲट्रिस गावाला (उच्चार 'बीट्रिस' केलात की परके ठरलात) गाडीशिवाय इलाज नाही. लिंकन शहराहून तासाभराच्या आत पोचता. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं 160 एकर मिळत, फी सगळी मिळून 18 डॉलर, पण पाच वर्षं राहून, जमीन कसून दाखवावी लागे, दोन साक्षीदारांनिशी. या सगळ्या कागदांची फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते आणि सगळ्या प्रवासात तिच्याइतकं मोलाचं काही नाही. मागवण्यासाठी लागणारे आकडे, म्हणजे टाउनशिप, रेंज, सेक्शन आणि दाखल्याचा क्रमांक, सरकारी भूमी कार्यालयाच्या साइटवर फुकट बघता येतात. आपला गट नंबरच समजा. आमच्या फाइलमध्ये लिहिलंय: 14 बाय 16 फुटांचं घर, एक दार, दोन खिडक्या, एक विहीर, 40 एकर नांगरट. सोबत नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल. सातबाऱ्यात खिडक्या कोण मोजतो?

गावाबाहेरचं होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान बघाच. तिथं राखलेल्या उंच गवताळ माळात शिरलं की नांगरण्याआधी समोर काय होतं ते दिसतं. 'फुकट' हा शब्द मात्र मला तिथून पुढे बोचायला लागला. हा ओटो-मिसूरिया या मूळनिवासी लोकांचा मुलूख. याच जिल्ह्याच्या दक्षिणेला त्यांच्यासाठी राखीव जमीन उरली होती. 1881 मध्ये त्यांना तीही सोडून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. घरच्या गोष्टीत ते कुठेच नव्हते.

रस्ते मैलामैलावर काटकोनात, त्यामुळे नकाशावरून शेत सापडतंच. पाऊस पडून गेला असेल तर खडीच्या रस्त्यावर लहान गाडी घालू नका, आमची रुतली. आणि शेत आता दुसऱ्याचं आहे, आधी विचारा. आम्हाला मालकानं बांधावरून फिरू दिलं. चारी बाजूंनी फिरलं की सव्वातीन किलोमीटर होतात. घर नाही, विहीर नाही, नुसता मका.

सासूबाईंना फाइल वाचून दाखवली. त्यांनी खिडक्यांचा आकडा दोनदा विचारला. परवा मात्र शेजारणीला सांगताना परत एलिस आयलंडच आलं.