कॅरव्हॅनची एक बाजू
ब्रिस्बेनच्या उन्हात २० वर्षे काढलेल्या आमच्या जुन्या कॅरव्हॅनच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) फायबरग्लासवर बोट फिरवले की खडूसारखी भुकटी हाताला लागते. ती धूळ नसून अतिनील किरणांनी झिजलेला जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा चकचकीत संरक्षक थर आहे, हे मला फार उशिरा कळले. आज कॅरव्हॅन साबणाने स्वच्छ धुऊन, सावलीत उभी करून, थोडा थोडा भाग घेत पॉलिशिंग मशीनने रबिंग कंपाउंड (झिजलेला थर घासून काढणारी पेस्ट) फिरवले. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असल्याने कडांवर मात्र हातानेच, जपून घासले. शेवटी मेणाचे दोन थर दिले, कारण उघडा पडलेला जेलकोट तसाच सोडला तर तो पुन्हा लवकर निस्तेज होतो. दिवसभरात एकच बाजू झाली आणि खांदे भरून आले, पण तिच्यात आता समोरचे निलगिरीचे झाड दिसते. छप्पर पुढच्या शनिवारी.