तुम्ही विचारलंत म्हणून : गावाचं चित्र आकाशातून काढायचे का?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन गावांची विहंगम चित्रं पाहिली की हा प्रश्न हमखास येतो : चित्रकार फुग्यात बसून वर जायचे का? नाही, गावभर पायी फिरायचे. बोस्टनचे फोटो १८६० मध्ये जेम्स ब्लॅकने फुग्यातून काढले होते, पण फोटोच्या बहुतेक काचा (तेव्हा फोटो काचेवर घेत) वाया गेल्या. शिवाय वरून छपरं दिसतात. गिऱ्हाइकाला हवी असायची आपल्या दुकानाची दर्शनी बाजू.

अल्बर्ट रूगर, थॅडियस फाउलर, ओकली बेली ही या धंद्यातली मोठी नावं. आधी गावाचा मोजणीचा नकाशा मिळवायचा. मग दिशा ठरवायची. नदी किंवा रेल्वे स्टेशन पुढे आलं तर उत्तम. त्या दिशेने दोन-तीन हजार फूट उंचीवर डोळा आहे असं धरून रस्त्यांची चौकट यथार्थदर्शनात, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान अशी, तिरकी उतरवायची. खरं कष्टाचं काम यानंतरचं. वही घेऊन गल्लीगल्लीतून प्रत्येक इमारत टिपायची : मजले, खिडक्या, छपराचा उतार, धुराडी. मानलेल्या डोळ्याकडे घराची जी बाजू येते तीच चित्रात लागते, म्हणून काही घरांसाठी परसात शिरावं लागे. तिथे जाता आलं नाही की मागची भिंत अंदाजाने ठोकलेली असते.

मग कच्चं चित्र गावात दाखवून चुका दुरुस्त करायच्या आणि वर्गणीदार, म्हणजे छापील प्रत घ्यायचं आधीच कबूल करणारे, जमवायचे. जादा पैसे देणाऱ्याची इमारत कडेला वेगळ्या चौकटीत मोठी छापली जाई. त्यामुळे कडेची चित्रं म्हणजे गावातल्या महत्त्वाच्या वास्तू, असं समजू नका.

छपाई शिळाछापाची. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र उलटं काढायचं, अक्षरंसुद्धा उलटी. दर रंगाला वेगळा दगड, म्हणून बहुधा काळा आणि एखाददुसरी फिकट छटा एवढ्यावरच भागवत. कागद जरा सरकला की छटा रेषेबाहेर पडलेली दिसते. काम झालं की दगड घासून पुढच्या चित्राला घेत. मग पुन्हा छापायची सोय राहत नसे.

मोठ्या शहराला एक कागद कुठला पुरणार! १८७५ च्या सेंट लुईससाठी कॅमिल ड्रायला ११० पानं लागली.

आता यावर विश्वास किती ठेवायचा? मजले आणि छपराचा आकार बऱ्यापैकी खरा असतो. अंतर मात्र मोजू नका. दर्शनी भिंती झाकू नयेत म्हणून रस्ते मुद्दाम रुंद केलेले असतात, आणि प्रमाण पुढे एक, मागे दुसरं. नुसती योजना असलेल्या इमारतीही कधीकधी उभ्या दिसतात. प्रत्येक धुराड्यातून निघणारा धूर ही सरळ जाहिरात. कारखाना त्या वर्षी चालू होता याचा तो पुरावा नव्हे.

जुन्या घराचा शोध घेत असाल तर त्याच सुमाराचा सॅनबॉर्न कंपनीचा आगविम्याचा नकाशा शेजारी ठेवा. तो बहुधा एका इंचाला पन्नास फूट या मापाचा असतो आणि इमारत विटांची की लाकडी हे रंगावरून कळतं. दोन्हींत घर असेल तर ते होतं असं धरायला हरकत नाही. फक्त विहंगम चित्रातच असेल, तर आधी त्याच्या मालकाचं नाव वर्गणीदारांत शोधा.