सगळ्यात जोरात धडकणारा पोरगा

डॅलसजवळ दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या टीमला मी असिस्टंट कोच आहे, फुटबॉल म्हणजे अमेरिकन, पाडापाडीवाला. ऑगस्टमधे हेल्मेट आणि पॅड्स अंगावर चढले की कोणाला धडक झेपते, कोण बिचकतं हे बघायचं काम माझ्याकडे.

पूर्वी यासाठी सरळ ओक्लाहोमा ड्रिल लावायचे, दोन पोरं समोरासमोर सोडायची आणि बाकीच्यांनी भोवती आरडाओरडा करायचा. इथल्या प्रोफेशनल लीगने, म्हणजे एनएफएलने २०१९ मधे ते बंद केलं ते उत्तमच झालं, त्यातून कोण दांडगा आहे एवढंच कळतं. आम्ही यूएसए फुटबॉल या संस्थेने ठरवलेल्या पायऱ्यांनी जातो, आधी समोर कोणीच नाही, मग कोचने धरलेली गादीसारखी बॅग, मग कंट्रोल म्हणजे ठरवून दिलेल्या वेगाने, मग थड म्हणजे जोरात भिडायचं पण खाली पाडायचं नाही, आणि लाइव्ह म्हणजे मॅचसारखं खरं खेळणं सगळ्यात शेवटी.

तर त्या दिवशी एक पोरगा बॅगवर असा आदळत होता की बॅग धरणारा कोच मागे सरकायचा. साइडलाइनवरचे बाबा लोक जाम खूश, हा तर लाइनबॅकरच, म्हणजे बचावातला पाडापाडी करणारा! मी बाजूला जाऊन गुडघ्यावर बसलो, कारण उभं राहून हेल्मेटच्या आतलं काही दिसत नाही, आणि बघतो तर भिडायच्या क्षणी डोळे गच्च मिटलेले, हनुवटी छातीला, टाळू पुढे. मग बॅगच्या वर बोटं धरली, धडकताना किती ते ओरडून सांगायचं. अंग चोरणारी मुलंसुद्धा दोन, चार असं बरोबर सांगत होती, याला एकदाही जमेना.

टाळूने धडकलं की मानेचा बाक सरळ होतो आणि सगळा जोर मणक्यांवर येतो. १९७६ मधे शाळा-कॉलेजच्या खेळात डोक्याने धडकायला बंदी आली तेव्हापासून मानेच्या दुखापतीने लुळी पडणारी मुलं खूप कमी झाली, त्यामुळे यात मी कोणाचं ऐकत नाही. त्याला थडमधून बाहेर काढलं तर वडील तावातावाने आले, सगळ्यात बेस्ट हिटर आहे तो, त्यालाच का बसवता? तेवढ्यात पोरगाच पाणी पिता पिता म्हणाला, "कोच, जोरात मारलं की लवकर संपतं ना."

म्हणजे सगळ्यात जास्त भीती यालाच! बिचकणारा निदान दिसतो तरी, हा कोणाला दिसलाच नव्हता.

मग त्याला गुडघ्यावर बसवून, अगदी सावकाश बॅगला नुसता खांदा लावायला लावला. बऱ्याच वेळाने "तीन" म्हणाला, बरोबर. धडक एकदम हलकी होती, चालेल मला. वडील अजून नाराज आहेत पण डोळे उघडे राहायला लागेपर्यंत मी त्याला थडमधे घेणार नाही.