खसखस नको

१२ जुलै २०२४, शुक्रवार

पानशेतच्या पुराला आज त्रेसष्ट वर्षं झाली. नारायण पेठेतल्या घरात तेव्हा पाणी शिरलं आणि आजीचे त्याआधीचे सगळे कागद गेले. त्यानंतरचं जे आहे ते एका पत्र्याच्या ट्रंकेत मावतं: दोन पासपोर्ट, एक फिरकीचा तांब्या आणि शाळेच्या दोनशेपानी वहीत लिहिलेला खर्च, रेसिपी, पत्ते, सगळं एकत्र.

आजी गेल्या वर्षी अधिक श्रावणात गेली, पंचाण्णव वर्षांची होऊन. तिने किती देश पाहिले असं लोक कौतुकाने विचारतात. वही वाचली की कळतं, ती देश बघायला कधी निघालीच नव्हती. तिचा प्रत्येक लांबचा प्रवास हा कुणाच्या तरी बाळंतपणाचा प्रवास होता. देवदर्शनसुद्धा त्यातच बसवलेलं, आणि तेही परतीच्या वाटेवर. जाताना नाही, कारण जाताना उशीर परवडत नाही.

वहीत इसवी सन क्वचितच सापडतं. ‘धोंड्याचा महिना, अधिक श्रावण, इंदूर’ एवढंच. पण एवढं पुरतं. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि कोणता महिना अधिक आहे ते कळलं की वर्ष हातात येतं. इंदूरच्या नोंदीत ‘अधिक श्रावण’ आहे. श्रावण १९६६ मध्ये अधिक होता, मग १९७७, मग १९८५, मग २००४, मग २०२३. बहुधा एकोणीस वर्षांनी तोच महिना पुन्हा अधिक येतो. थोरल्या लेकीचं पहिलं बाळंतपण म्हणजे १९६६ च.

इंदूरला तेव्हा खांडव्याला उतरून छोट्या गाडीत बसायचं. ती गाडी नर्मदा ओलांडून काळाकुंड-पातालपाणीचा घाट चढत जाई. सामानाची यादी वहीत आहे: वळकटी, तांब्या, दशम्या चोवीस, लसणाची चटणी, डिंकाच्या लाडवांचा डबा, अनारशांचं पीठ दोन शेर. दशमीची कणीक निव्वळ दुधात भिजवलेली, पाण्याचा थेंब नाही, म्हणून दोन दिवस मऊ राहते. तांब्याच्या फिरकीला सुताचे चार वेढे आहेत. आटे झिजले की पाणी झिरपतं आणि सगळी वळकटी भिजते, त्यावरचा तिचा हा उपाय. सूत अजून तसंच आहे, काळं पडलेलं. येताना ओंकारेश्वर.

अनारशांचं पीठ का? तर धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि जावई इंदुरात. तयार अनारसे गाडीत चुरा होतात. पीठ मात्र प्रवासात मुरतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. न बदललं तर आंबूस वास पिठात उतरतो तो जात नाही. मग उपसून फडक्यावर सावलीत पसरायचे. पूर्ण कोरडे होऊ द्यायचे नाहीत, ओलसर असतानाच कुटून चाळायचे. वजनाइतका गूळ, चमचाभर तूप, घट्ट गोळा करून डब्यात पाच-सहा दिवस. खसखशीवर थापून खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. अनारसा तुपात पसरून विरघळला तर त्याला हसला म्हणतात. गूळ जास्त झाला किंवा पीठ ओलं राहिलं की हसतो. वहीत उपाय: ‘हसल्यास मूठभर तांदळाची पिठी. न फुलल्यास केळ्याची फोड मळावी.’

मधल्या वर्षांत नागपूर, बडोदा, पुन्हा इंदूर. तिथे यादी तीच, फक्त गाड्या वेगळ्या.

पहिल्या पासपोर्टवर १९९४ चा अमेरिकेचा शिक्का आहे. इंदुरात १९६६ ला जन्मलेली नात न्यू जर्सीत बाळंत होणार होती आणि तिच्या आईला नोकरीतून रजा नव्हती. सासष्टाव्या वर्षी आजी एकटी गेली, साडेचार महिने राहिली. सहा महिन्यांची मुदत होती, पण बाळाला तिसरा महिना लागला की परत फिरायचं हे तिचं ठरलेलं. या खेपेचं डिंकाच्या लाडवांचं प्रमाण लिहिलंय: खारकेची पूड अर्धा किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, डिंक पाव किलो, खसखस शंभर ग्रॅम, गूळ अर्धा किलो, तूप लागेल तसं. डिंक उन्हात वाळवून, बारीक करून, थोडा थोडा मध्यम आचेवर तळायचा. आच मोठी झाली तर वरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. गूळ नुसता विरघळवायचा. पाक पुढे गेला की लाडू दगड, आणि बाळंतिणीला दगड कसे खायला घालणार? खोबरं खमंग भाजलं नाही तर महिन्याभरात खवट.

आणि मग २००४, पुन्हा अधिक श्रावण, धाकटी नात दुबईत. हेच प्रमाण नव्याने उतरवलंय, पण खसखशीच्या ओळीवर काट मारून समोर लिहिलंय: ‘खसखस नको.’ खाली दोन रेघा. अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे, ती अमली पदार्थांत धरतात. विमानतळावर डबा उघडला तर थेट पोलिसांपर्यंत प्रकरण जातं, आणि आपल्याकडे मात्र ती प्रत्येक वाण्याकडे मिळते, म्हणून माणसं फसतात. आजीला हे कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण लाडवांतून खसखस गेली.

नातजावयाचं वाण राहिलं होतं. त्यासाठी पुढच्या पानावर, शहात्तराव्या वर्षीच्या थरथरत्या अक्षरात: ‘अनारसे तिळावर थापले. तीळ सुटून तुपात करपतात, तूप दोनदा गाळावे. चाळीस केले, सात हसले. तेहतीस बरोबर.’