राडारोड्याची खडी आणि साइटवरचा पाइप

मी पुण्याजवळच्या एका आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर क्वालिटी बघतो. फूटपाथच्या एम-२० ताकदीच्या काँक्रीटसाठी आम्ही पहिल्यांदाच पाडलेल्या काँक्रीटची खडी वापरली. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने साध्या, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत तिला परवानगी दिली आहे. तरी लोक अजून नाक मुरडतात.

या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, त्यामुळे ती पाणी पिते. आपला काळा दगड एक-दीड टक्का पितो. आमचा हा माल सहाच्या आसपास भरला. घनमीटरला पावणेतीनशे किलो घातली, तर सहा घनमीटरच्या गाडीत कोरडी खडी ऐंशी-नव्वद लिटर पाणी सहज गिळते. म्हणून ढीग आदल्या रात्री भिजवायचा, असं मी शीटवर लिहून दिलं होतं. ऑपरेटरचं मत वेगळं. "साहेब, खडीला कसलं पाणी पाजायचं?" आणि शीट कोण वाचतं!

प्लांटवर स्लंप, म्हणजे काँक्रीट किती सैल आहे त्याचं माप, १२० मिलिमीटर मिळाला, ताकद तपासायचे क्यूब भरले, गाडी गेली. मे महिन्याचं ऊन, त्यात ट्रॅफिक. साइटवर पोहोचलो तर स्लंप ४०. मी अ‍ॅडमिक्श्चरचा, म्हणजे काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाचा, कॅन काढेपर्यंत मुकादमाने गाडीच्या ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडलाही होता. किती पाणी गेलं, कुणी मोजलं नाही. साइट इंजिनिअर फोनवर होते, ते नेहमीच असतात.

अठ्ठावीस दिवसांचे क्यूब पास झाले. पण ते पाइपाच्या आधीचे! फूटपाथमध्ये काय आहे, ते या क्यूबना काय ठाऊक? खडीने जेवढं गिळलं तेवढंच पाइपाने परत दिलं असेल, तर काँक्रीट ठणठणीत आहे. खडी प्यायलेलं पाणी सिमेंटच्या हिशेबात येत नाही. जास्त गेलं असेल, तर वरचा थर दोन पावसाळ्यांत भुसभुशीत होईल आणि सगळे म्हणतील, "राडारोडा घातला होता ना!" पाइपाचं नाव कुणी घेणार नाही.

मी फूटपाथमधून कोअर, म्हणजे तपासणीसाठी भोक पाडून काढलेला नमुना, काढायला सांगितलं. रिपोर्ट पास असताना चांगल्या फूटपाथला भोकं कशाला, असं उत्तर आलं. त्याच मेलमध्ये खाली एक ओळ होती: पुढच्या गाड्या नेहमीच्या खडीच्या पाठवा.